मोबाईलवर वाढलेली पोरं आणि डिझाईनचं शिक्षण : शिकवायचं काय, तपासायचं काय?

रेघोटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका डिझाईन कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवते. "आजकालच्या पोरांना हातानं काही येत नाही" हे वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये चहासोबत रोज येतं. ते खोटं नाही, पण बिनकामाचं आहे, कारण त्यानंतर कुणी काही करत नाही. म्हणून हा धागा.

आत्ता पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेली मुलं २००७च्या आसपास जन्मलेली. पहिला आयफोन त्याच वर्षी आला. २०१६ला जिओ आलं तेव्हा ही तिसरी-चौथीत होती आणि २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सातवी-आठवीची शाळा मोबाईलवर झाली. इंटरनेट नसलेलं घर यातल्या बऱ्याच जणांना आठवत नाही.

वर्गात मला खरा फरक दिसतो तो हा. पूर्वी मुलाचं काम आधी कच्चं दिसायचं, मग सुधारत जायचं. त्या कच्चेपणावरूनच आम्हाला कळायचं की गाडी कुठे अडली आहे. आता पहिल्याच दिवशी काम झकास दिसतं. कॅनव्हाचा टेम्प्लेट, पिंटरेस्टचा मूडबोर्ड, आणि २०२२पासून मिडजर्नीसारखी चित्रं काढून देणारी यंत्रं. "हे इथेच का?" असं विचारलं की मात्र पोरगं शांत. आपली मार्कांची पद्धत शेवटच्या शीटवर उभी आहे, आणि शीटवरून आता काहीच सिद्ध होत नाही.

एक उदाहरण देते. उन्हाळ्याच्या तोंडावर विषय दिला होता: कूलर. आपला नेहमीचा, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसणारा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची रेंडर (संगणकावर काढलेली हुबेहूब चित्रं) तयार! पांढरी शुभ्र खोली, कोपऱ्यात मनीप्लांट, मधोमध साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत कूलर. पाणी कुठून भरायचं? वूडवूल (कूलरचं गवत) बदलताना जाळी कशी निघणार? पत्र्यात करंट उतरला तर? उत्तर नाही. एकीच्या कूलरला तर हवा आत घ्यायलाच जागा नव्हती.

मग सगळ्यांना कूलर दुरुस्तीच्या दुकानांत पाठवलं. आणि इथे मला ही पिढी वेगळी वाटली. आमच्या वेळी आम्ही वहीत चार स्केचेस करून परतलो असतो. ही पोरं दुकानदाराच्या मुलाखती घेऊन, रात्रीतून कापून-जोडून, खाली मराठी अक्षरं टाकून घेऊन आली. एका मुलानं फक्त आवाज रेकॉर्ड केले होते. टाकीतलं पाणी संपत आलं की पंपाचा आवाज बदलतो. घरातल्या बायका उठून बघत नाहीत, आवाजावरून ओळखतात, हे त्यानं टिपलं होतं. त्याचं पुढचं सगळं काम त्या आवाजावर झालं. माझ्या डोक्यात हे आलं नसतं.

तर प्रश्न असा: या मुलांना शिकवायचं काय, आणि त्याहून महत्त्वाचं, तपासायचं काय?

---

टी_स्क्वेअर

रेघोटीताई, धागा छान. मी धरमपेठेतला जुना आर्किटेक्ट, प्रॅक्टिस आता मुलाकडे.

आम्ही मिनीड्राफ्टर (रेघा मारायची जोडपट्टी) आणि रोट्रिंगच्या शाईपेनांवर वाढलो. ट्रेसिंगवर ०.२चं पेन मध्येच तुंबायचं, शाई सांडली की ब्लेडनं खरवडायची, आणि अमोनिया प्रिंटचा वास कपड्यांना संध्याकाळपर्यंत. त्यात रम्य काही नव्हतं. संगणकावर नकाशे काढायचं ऑटोकॅड १९८२चं. आमच्यापर्यंत ते बऱ्याच उशिरा पोचलं, आणि तेव्हा आमचे सीनियर हेच म्हणाले जे तुमच्या स्टाफरूममध्ये चालतं. म्हणजे रडगाणं जुनंच आहे.

तरी एक फरक मला गंभीर वाटतो. शाईची रेघ मारण्याआधी आम्ही विचार करायचो, कारण पुसता येत नव्हती. या मुलांच्या हाताखाली जन्मापासून कंट्रोल-झेड, म्हणजे केलेलं पुसून मागे जायची सोय. त्यामुळे चूक करायची भीती कमी असेल असं वाटतं ना? माझा अनुभव उलटा. मुलाच्या ऑफिसात इंटर्न येतात. त्यांच्या हातात पेन आणि कोरा कागद दिला की हात उचलत नाही. पुसता येणार नाही म्हटल्यावर सुरुवातच करत नाहीत.

आणि स्केल! पडद्यावर झूम करत राहतात. दरवाजा किती रुंद, पायरी किती उंच, हे शरीराला माहीत नाही. साईटवर नेऊन टेप हातात दिला तेव्हा एकाला पहिल्यांदा कळलं की आपण काढलेल्या बाथरूममध्ये दार उघडल्यावर माणूस उभा राहू शकत नाही.

परीक्षांनीही गोंधळ केला. आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेतून, नाटामधून, महामारीच्या काळात कागदावरचं ड्रॉइंग गेलं, सगळं संगणकावर. २०२४ला ते परत आणावं लागलं. डिझाईनच्या प्रवेशपरीक्षेत, युसीडमध्ये, पार्ट बी अजून हातानंच काढावा लागतो. काहीतरी कारण असेलच की.

---

गोंदियाचा_पोट्टा

मी तिसऱ्या वर्षाला आहे, नागपुरात. सर्वांचा मान राखून दोन गोष्टी बोलतो.

तुम्ही आम्हाला "डिजिटल पिढी" म्हणता तेव्हा डोळ्यासमोर कोण असतं? माझ्याकडे बारावीपर्यंत कॉम्प्युटर नव्हता. फोन होता, तोही घरातल्या तिघांत एक. शाळेतली कॉम्प्युटर लॅब कुलपात. मी डिझाईन शिकलो ते फोनमधल्या पिक्सेललॅब ॲपवर, अंगठ्यानं. गावातल्या दादा लोकांचे वाढदिवसाचे बॅनर करायचो. 'भावी सरपंच', मागे वाघ, बाजूला दहा-बारा शुभेच्छुकांचे गोल फोटो. हसू नका, दीडशे रुपये मिळायचे. आणि कुणाचा फोटो किती मोठा ठेवायचा याच्यावर तिथे भांडणं होतात, तेव्हा हायरार्की, म्हणजे कोण मोठं कोण लहान दाखवायचं हे, मला कॉलेजच्या आधीपासून येते.

कॉलेजात आल्यावर पहिल्या आठवड्यात सरांनी विचारलं, "फाईल कुठल्या फोल्डरमध्ये सेव्ह केलीस?" मला प्रश्नच कळला नाही. फोनमध्ये गोष्टी असतात. त्या कुठे असतात असं कुणी विचारत नाही, शोधलं की येतात. सर चिडले. पण फोल्डर म्हणजे काय, एक्सटेन्शन म्हणजे काय, (फाईलच्या नावामागचं .jpg, .pdf) हे मला कुणी सांगितलं होतं? सगळ्यांनी धरूनच ठेवलं की पोट्ट्याला येत असंल.

दुसरं. हातानं येत नाही हे सगळ्यांबद्दल बोलू नका. मला इंटरमिजिएटला (शासनाच्या चित्रकला परीक्षेला) ए ग्रेड आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, सगळं केलंय. पण नंतर आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर रिटायर झाले आणि जागा भरलीच नाही. माझ्या लहान भावाला ती परीक्षा असते हेसुद्धा माहीत नाही. त्याला दोष मोबाईलचा की शाळेचा?

---

बर्डीचा_छपाईवाला

वाचून मजा आली. मी काही शिकवत नाही, प्रेस चालवतो. पण तुमच्या कॉलेजांचे पोट्टे शेवटी माझ्याच दारात येतात, सबमिशनच्या आदल्या रात्री.

पहिला डायलॉग: "भाऊ, लिंक पाठवली." अरे बाप्पा, लिंक छापू का मी? फाईल दे ना. मग तिथल्या तिथे फोनवरून डाउनलोड करून राहिले, फाईल येते एवढीशी. व्हॉट्सॲपवरून पाठवल्यावर आणखी बारीक होते. ए-टूच्या पोस्टरला छापली की चेहरे चौकोनी.

दुसरा डायलॉग: "भाऊ, रंग असा नव्हता." मोबाईलवरचा तो चकाकता निळा-जांभळा शाईत येतच नाही. पडदा उजेडानं रंग दाखवतो, मशीन चार शाया टाकते. हे मी रोज सांगतो. कॉलेजात सांगत नाही का कोणी?

ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर सोडायचा जास्तीचा रंग, माहीत नाही. कागद कापल्यावर कडेला पांढरी पट्टी राहते, मग रडतात.

पण एक बोलतो. हे पोट्टे लाजत नाहीत. जुने आर्टिस्ट येत होते ते आपली चूक मानायचेच नाहीत. हे म्हणतात, "दाखवा ना भाऊ, काय करू?" एक मुलगी तर मशीनजवळ उभी राहून पूर्ण व्हिडिओ काढून गेली, पुढच्या वेळी तिच्यासोबतच्या सगळ्यांच्या फाईली बरोबर आल्या. म्हणजे एकीला शिकवलं की दहा जण शिकतात. असं पहिले नव्हतं.

मराठी अक्षराचं तर बोलूच नका. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. रफार उडालेला. म्हणून अर्धे पोट्टे पोस्टर इंग्रजीतच करून राहिले.

---

पोहे_तर्री

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. नाही, पॉपकॉर्न नाही, सांबारवडी.

---

अक्षरवेडी

छपाईवाले दादा, तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. मी मूळची नागपूरच्या महाल भागातली, आता पुण्यात टाइप डिझाईनचं, म्हणजे फॉन्ट घडवायचं, काम करते.

वेलांटी उडते याचं कारण बहुतेक वेळा फॉन्ट नसतो, सॉफ्टवेअरची मांडणी असते. पानं मांडायच्या इनडिझाईनमध्ये परिच्छेदाच्या मेन्यूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो. चित्रं-पोस्टर करायच्या इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स चालू करावे लागतात. दोन क्लिकचं काम. पण यूट्यूबवरचं प्रशिक्षण बहुतेक इंग्रजी अक्षरांवरच असतं, त्यामुळे हे कुणाला दिसतच नाही. मुलांनी काढलेला निष्कर्ष: मराठीत डिझाईन 'चांगलं दिसत नाही'. मला याचा खरा राग येतो.

दुसरीकडे जुन्या फाईली श्रीलिपी-कृतिदेवच्या, म्हणजे युनिकोडआधीच्या फॉन्टच्या. फॉन्ट बदलला की चिन्हांचा कचरा. या मुलांनी ते युग पाहिलेलंच नाही, त्यांना युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत) हवेसारखा मिळाला. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी मंगल हा फॉन्ट केला, विंडोजबरोबर तो घरोघरी गेला. नंतर 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू गूगल फॉन्ट्सवर फुकट आले. आमच्या विद्यार्थीदशेत धड दिसणारे मराठी फॉन्ट शोधायला लागायचे. आता आहेत, तर मुलं पहिला दिसेल तो उचलतात. मराठी वळणाचा ल आणि श कसा असतो हे विचारून बघा वर्गात. २००९च्या शासन निर्णयात वर्णमालेबरोबर ही वळणंही ठरवून दिली आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिली की आपलं रूप येतं. नाहीतर हिंदी वळण येतं आणि 'मराठी भाषा दिना'चं पोस्टर हिंदी ल घेऊन लागतं.

आणि ती चित्रं काढणारी यंत्रं देवनागरीचं जे करतात ते तुम्ही पाहिलंच असेल. शिरोरेषा असते, खाली वाचता येईल असं काही असेलच याची खात्री नाही. मी तर म्हणते, याचाच अभ्यासक्रम करा. यंत्रानं लिहिलेली मराठी पाटी मुलांसमोर ठेवायची आणि विचारायचं, नेमकं काय बिघडलंय? काना, मात्रा, जोडाक्षर, वजन, अंतर. चूक शोधता शोधता अक्षराची रचना कळते. मी दोन कार्यशाळांत करून पाहिलं, मुलं जाम रमतात.

---

चिंतातुर_बाबा

मुलगी अकरावीत आहे, डिझाईनला जायचं म्हणते. फी पाहून घाम फुटला. चार वर्षांनी हेच काम यंत्र फुकटात करणार असेल तर कशाला? सरळ उत्तर द्या, गोलमोल नको.

---

रेघोटी

चिंतातुर बाबा, सरळ उत्तर: जे काम नुसतं सजावटीचं आहे, बॅनर, थंबनेल, लोगोचे पाच पर्याय, त्यातलं पुष्कळ जाईल किंवा स्वस्त होईल. त्यासाठी एवढी फी भरू नका. कॉलेज बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या रेंडरकडे दुर्लक्ष करा. विद्यार्थ्यांच्या कच्च्या वह्या मागा. दाखवल्या नाहीत तर तिथूनच मागे फिरा.

गोंदियाच्या पोट्ट्या, तुझं म्हणणं पटलं. बोटांना सवय आहे म्हणून यंत्र कळतं असं आपण धरून चाललो. यंदापासून पहिल्या आठवड्यात फाईल, फोल्डर, रेझोल्यूशन, रंग हे सगळं शून्यापासून घेऊ असं सुचवणार आहे. विरोध होणार, "हे काय एमएससीआयटी आहे का?" असं कुणीतरी म्हणणारच.

टी_स्क्वेअर काका, हातानं काढण्याबद्दल आपण एका बाजूला आहोत, पण कारण वेगळं. मला सुबक रेघ नकोय. मला कच्चेपणा परत हवाय. म्हणून आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. एक, निम्मे मार्क टाकून दिलेल्या कल्पनांना. काय काय सुचलं, त्यातलं काय सोडलं, का सोडलं. फिग्मात (ऑनलाईन डिझाईनच्या साधनात) काम केलं तर व्हर्जन हिस्टरी, म्हणजे जुन्या बदलांची नोंद, उघडून दाखवायची. यंत्र वापरलं तर चालेल, पण त्याला काय सांगितलं आणि त्यानं दिलेल्यातलं काय नाकारलं ते लिहायचं. दुसरी, तान्ह्या पोळ्याचा (लहान मुलांच्या पोळ्याचा) लाकडी नंदी.

नंदीचं सांगते. मुलांना चितारओळीत, मूर्तिकारांच्या वस्तीत, पाठवतो. मूर्तिकारांच्या शेजारी बसून बघायचं. नंदीला चाकं का? कारण लहान मुलं त्याला दोरीनं ओढत दारोदार नेतात. चाक रस्त्यावर अडलं तर नंदी तोंडावर पडतो, म्हणून वजन खाली. शिंगं सगळ्यात आधी तुटतात. या गोष्टी तिथे उभं राहून कळतात. परत आल्यावर नवा नंदी करायचा, कुठल्याही साधनानं. काहींनी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केला, काहींनी पुठ्ठ्यात. अट एकच: लहान मुलाच्या हातात देऊन रस्त्यावर ओढून दाखवायचा.

भारतातल्या डिझाईन शिक्षणावरच्या १९५८च्या इंडिया रिपोर्टमध्ये अमेरिकन डिझायनर ईम्स दांपत्यानं साध्या लोट्याबद्दल असेच प्रश्न विचारले होते. किती पाणी मावावं, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा, कमरेवर, डोक्यावर, हातात कसा बसतो, ओतताना काय होतं. त्या अहवालातून पुढे १९६१ला अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाईन संस्था) उभी राहिली. आपण तिथून सुरुवात केली आणि साठ-पासष्ट वर्षांत शीटच्या चौकटी मोजण्यापर्यंत आलो.

---

टी_स्क्वेअर

ताई, ऐकायला उत्तम. व्यवहाराचं बोलू. वर्गात मुलं किती? साठ? एक शिक्षक साठ जणांच्या टाकून दिलेल्या कल्पना वाचणार? आणि मुलं हुशार आहेत. सोडलेल्या कल्पनांना मार्क आहेत कळल्यावर आदल्या रात्री पाच खोट्या कल्पना बनवतील, यंत्राकडूनच. एक्स्टर्नल परीक्षक बाहेरून येतो, त्याला प्रत्येकामागे पाच मिनिटं. त्याला शीटच दिसते. तो करणार काय?

---

गोंदियाचा_पोट्टा

काका बरोबर बोलले 😅 खोट्या कल्पना आत्ताच बनतात. मी नाव घेणार नाही.

पण पकडता येतं. समोर बसवून विचारलं की खोटी कल्पना दोन प्रश्नांत उघडी पडते. आमच्या एका मॅडम आम्हालाच एकमेकांचे परीक्षक करतात. सरांना फसवता येतं, बाजूच्या बेंचवरच्याला नाही. त्यानं रात्रभर व्हॉट्सॲपवर आपल्याला पाहिलेलं असतं.

---

अक्षरवेडी

हे मस्त आहे! मात्र मित्र-मित्र एकमेकांना वाचवतात त्याचं काय?

---

गोंदियाचा_पोट्टा

गट लॉटरीनं पाडायचे. मॅडम चिठ्ठ्या उचलतात.

---

रेघोटी

काका, साठचा मुद्दा मला अजून सुटलेला नाही, खरंच. एकमेकांना तपासणं करून बघते. एक्स्टर्नलबद्दल विद्यापीठाकडे बोलावं लागेल, त्याला वेळ लागेल. तोवर मी परीक्षकांना शीट देण्याआधी वही देणार आहे. चिडले तर चिडले.

छपाईवाले भाऊ, एक विनंती. पहिल्या वर्षाच्या मुलांना तुमच्याकडे अर्धा दिवस पाठवलं तर चालेल का? सबमिशनच्या रात्री नाही, आधी. मशीन, शाई, कटिंग दाखवा. मानधनाचं कॉलेजशी बोलते.

---

बर्डीचा_छपाईवाला

मानधनाचं राहू द्या, चहा पाजा. शनिवारी दुपारी या, तेव्हा काम कमी राहते. पण एका वेळी दहा-बाराच पोट्टे, जागा नाही माझ्याजवळ. लग्नसराईत नाही जमणार, तेव्हा पत्रिकांचं काम राहते.

प्रत्येकानं आपली एक फाईल आणावी. पेनड्राईव्हमध्ये, पीडीएफ. मराठी अक्षर पाहिजे म्हणजे पाहिजे. लिंक चालणार नाही.

---

गोंदियाचा_पोट्टा

भाऊ, मी तिसऱ्या वर्षाचा आहे, मी पण येऊ का? आणि फॉन्ट आउटलाईन करून (अक्षरांचे आकार करून) आणायचा का?

---

बर्डीचा_छपाईवाला

ये ना बे. एक आउटलाईन करून आण आणि एक तशीच. वेलांटी चुकली असंल तर तिथंच बसून दुरुस्त करू.